नारळ, कापूर, काडेपेटी आणि 7 किलोंची बॅग

मंडळी, सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या गोरेगावात दोन-चार घरांत तरी एकच चर्चा सुरू असते. "यंदा विमानानं जाऊन पाहू." कोणाचा मुलगा हैदराबादला नोकरीला आहे, कोणाची पोरगी बंगळुरूला, कोणाला बालाजीचा नवस फेडायचा आहे. तिकीट काढणारा असतो पुण्यातला भाचा. तो मोबाइलवर तिकीट पाठवतो, आपण "आलं" म्हणून अंगठा दाखवतो आणि बॅगा भरायला बसतो. बॅगेत काय चालतं आणि काय चालत नाही, हे त्या तिकिटाखाली बारीक इंग्रजीत लिहिलेलं असतं. ते कोणी वाचत नाही. मग ते वाचलं जातं विमानतळावर, सिक्युरिटीच्या टेबलापाशी, रांगेतल्या शंभर माणसांसमोर.

आज त्यावरच लिहितोय. काही जण म्हणतील, रस्त्यांचे खड्डे सोडून हा बॅगेवर काय लिहितो? पण हाही सार्वजनिक प्रश्न आहे. कसा, ते सांगतो.

बिरसीची धावपट्टी आजकालची नाही. 1940 च्या सुमारास, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, इंग्रजांनी ती बांधली. त्यानंतर कित्येक दशकं आपल्या लोकांसाठी विमान म्हणजे वरून आवाज करत जाणारी वस्तू. पुढे तिथे वैमानिक घडवणारी संस्था आली. आपल्या डोक्यावरून शिकाऊ विमानं घिरट्या घालू लागली, पण तिकीट काढून बसता येईल असं विमान नव्हतंच. मार्च 2022 मध्ये 'उडान' योजनेतून फ्लायबिगचं विमान इंदूर-गोंदिया-हैदराबाद सुरू झालं आणि काही महिन्यांत बंदही पडलं. मग 1 डिसेंबर 2023 ला इंडिगोनं हैदराबाद आणि पुढे तिरुपती अशी सेवा सुरू केली. आपल्या भागातल्या अनेक आजी-आजोबांचा पहिला विमानप्रवास हा असा थेट बालाजीच्या दर्शनाचा ठरला.

आता तिरुपतीला निघालेल्या घरातली पिशवी डोळ्यांपुढे आणा. हळद, कुंकू, अगरबत्ती, एक नारळ, कापराची डबी आणि काडेपेटी. आपल्याकडे पूजेची पिशवी अशीच भरतात, पिढ्यान् पिढ्या. त्यातला अख्खा नारळ हातातल्या बॅगेत एरवी चालत नाही. कापूर पटकन पेट घेतो, म्हणून तो विमानात कुठेच नेता येत नाही. काडेपेटी हातातल्या बॅगेत नाही आणि खाली द्यायच्या बॅगेतही नाही. लायटरचंही तेच. म्हणजे पिशवीतल्या तीन वस्तू टेबलावरच राहणार.

एका विमानतळावर मी हे पाहिलं आहे. आपल्याच भागातली एक म्हातारी. तिच्या पिशवीतून नारळ काढून बाजूला ठेवला. तिनं विचारलं, "काहून नेऊ देत नाही जी? देवाचा आहे." समोरचा जवान हिंदीत बोलत होता, त्याचं काम करत होता, त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. मागची रांग चुळबुळ करत होती. मुलगा म्हणाला, "राहू दे आई, चल." ती चालू लागली, पण तीनदा मागे वळून पाहिलं. नवसाचा नारळ होता तो. नियम आधी कळला असता तर तिनं तो घरीच देवापुढे ठेवला असता आणि तिरुमलाला नवा घेतला असता. एवढीच गोष्ट होती.

या नियमांमागे कारणं आहेत, ती समजून घेतली तर राग येत नाही. सुक्या खोबऱ्याचा गोटा घ्या. तो खाली द्यायच्या बॅगेतही चालत नाही. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं. मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ते आपोआप तापू शकणाऱ्या पदार्थांत धरलं जातं. बंद जागेत, ढिगात, ते तापत जातं आणि पेटू शकतं. आणि नियमही काही दगडावरची रेघ नसतात. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये शबरीमलाच्या भाविकांना इरुमुडीतला नारळ तपासणी करून सोबत नेण्याची सूट सरकारनं यात्रेच्या काळापुरती दिली होती. ती मिळाली, कारण तिथल्या लोकांनी आवाज उठवला. आपल्याकडे आवाज सोडा, नियमच माहीत नाही.

पॉवर बँकेचं उलटं. ती खाली द्यायच्या बॅगेत अजिबात टाकायची नाही, जवळच ठेवायची. तिच्यातली लिथियम बॅटरी बिघडली तर धूर आणि आग होते. माणसांजवळ असली तर लगेच दिसते, सामानाच्या पोटात असली तर कळतच नाही. जवळ म्हणजे वरच्या कप्प्यातही नको, आणि विमानात तिच्यावर मोबाइल चार्ज करत बसू नका. 28 जानेवारी 2025 ला दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उड्डाणाआधीच एअर बुसानचं विमान पेटलं. आग वरच्या सामानाच्या कप्प्यात लागली आणि तपासात संशय पॉवर बँकेवर गेला. सगळे 176 जण बाहेर पडले म्हणून निभावलं.

आता मुद्द्याचं. हातातल्या बॅगेत काय भरावं?

आपल्या साध्या तिकिटावर माणशी एक हँडबॅग आणि वजन 7 किलो, असा सर्वसाधारण नियम आहे. बायकांची पर्स किंवा लॅपटॉपची छोटी बॅग वेगळी चालते. घरच्या वजनकाट्यावर किंवा ओळखीच्या किराणा दुकानात बॅग आधीच तोलून घ्या. लहान शहरांना येणारी एटीआर विमानं 70-80 प्रवाशांची असतात आणि त्यांचे वरचे कप्पे लहान असतात. जरा मोठी बॅग दिसली की कर्मचारी विमानाच्या दाराशीच ती घेतात आणि खाली ठेवतात. म्हणून औषधं, कागदपत्रं, पैसे, दागिने आणि पॉवर बँक एका छोट्या पिशवीत वेगळी ठेवा. मोठी बॅग हातातून गेली तरी ती पिशवी आपल्या मांडीवर राहिली पाहिजे.

पहिलं, औषधं. सगळी, चिठ्ठीसकट. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या दोन-तीन दिवस जास्तीच्या. इन्सुलिन खालच्या सामानात देऊ नका. तिथल्या थंडीनं ते खराब होऊ शकतं आणि बॅग हरवली तर हातात काहीच उरत नाही.

दुसरी गोष्ट खास आपल्या जिल्ह्यासाठी. गोंदिया, गडचिरोली, भंडारा या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण घरोघरी माहीत आहेत. उडत्या विमानात हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढ्यापर्यंत खाली येऊ शकतो. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही. सिकलसेलचा त्रास असलेल्याला कमी ऑक्सिजन, कोरडी हवा आणि पोटात पाणी कमी, या तिन्हींनी वेदनेचा झटका येऊ शकतो. तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक अॅसिड, वेदनेची गोळी आणि तपासणीचं कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा. अंगावर घ्यायला एक शाल ठेवा, कारण थंडीही बाधते. सिक्युरिटी पार झाल्यावर बाटलीत पाणी भरून घ्या आणि थोडं थोडं पीत राहा.

तिसरं, कागद. मूळ ओळखपत्र, आणि त्यावरचं नाव तिकिटाशी जुळतं का ते घरीच पाहा. दोन वर्षांखालच्या बाळाच्या जन्माचा दाखला. तिकीट आणि बोर्डिंग पास कागदावर छापूनही ठेवा, मोबाइलची बॅटरी ऐन वेळी दगा देते.

चौथं, एका दिवसाचा संसार. प्रत्येकाचा एक जोड कपडा, बाळाचं दूध आणि खाणं, टॉवेल, कोरडा फराळ. दशम्या, चिवडा, मुरमुरे, लाडू बिनधास्त न्या. तिखटाचा डबा आणि मिरचीचं लोणचं हातात नको. सुरी नको, अडकित्ताही नको. विमान खाली उतरताना पोरांचे कान दुखतात, त्या वेळी दूध पाजा किंवा गोळी चघळायला द्या. खर्रा आणि बिडीवाल्यांनो, विमानात ओढता येणार नाही आणि थुंकताही येणार नाही. तयारी मनाची ठेवा.

एका दिवसाचा संसार हातात का ठेवायचा, याचं उत्तर देशानं डिसेंबर 2025 मध्ये पाहिलं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम 1 नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले, इंडिगोची तयारी अपुरी पडली आणि काही दिवसांत हजारो उड्डाणं रद्द झाली. 5 डिसेंबरला एकाच दिवशी हजाराहून जास्त. विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले. माणसं एका शहरात, सामान दुसऱ्या शहरात. प्रवाशांच्या बॅगा 48 तासांत शोधून घरपोच करा, असं शेवटी सरकारला सांगावं लागलं. त्या 48 तासांत ज्यांची औषधं खालच्या बॅगेत होती त्यांनी काय केलं असेल? बॅग आली नाही, तर विमानतळ सोडण्याआधीच कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घ्या. बाहेर पडल्यावर दाद मागणं फार जड जातं.

आता यातला सरकारचा भाग.

'उडान' योजनेत लहान शहरांच्या विमानांना सरकार पैशांची मदत देतं. हवाई चप्पल घालणारा माणूसही विमानात बसला पाहिजे, असं ही योजना सुरू होताना पंतप्रधान म्हणाले होते. चांगली गोष्ट आहे. तो माणूस विमानात बसलाही. पण त्याला समजेल अशा भाषेत एक पान छापण्याचं कोणाच्या मनात आलं नाही. विमानतळांवरच्या घोषणा आधी स्थानिक भाषेत, मग हिंदी-इंग्रजीत व्हाव्यात, अशा सूचना 2018 च्या डिसेंबरात सुरेश प्रभू विमान वाहतूक मंत्री असताना दिल्या गेल्या. घोषणा तर प्रवासी विमानतळावर पोचल्यावर कानावर पडतात. बॅग घरी भरली जाते. माहिती घरी पोचली पाहिजे.

"सगळं वेबसाइटवर आहे, लोकांनी वाचावं," असं म्हणणारे भेटतात. बरोबर, आहे. इंग्रजीत आहे, दहा पानांत आहे, आणि ज्याला ते वाचता येतं तो आधीच चार वेळा विमानात बसलेला आहे. पहिल्यांदा निघालेल्या माणसाला कोणता शब्द शोधायचा हेही माहीत नसतं. एसटीत बसायला आपल्याला कोणी पुस्तिका वाचायला लावत नाही, कारण एसटी पिढ्यांपासून अंगवळणी पडली आहे. विमान अजून पडायचं आहे, आणि ते पडेपर्यंत सांगण्याची जबाबदारी चालवणाऱ्यांची आहे.

मागण्या फार मोठ्या नाहीत. तिकीट निघाल्यावर प्रवाशाला मराठीत एक संदेश यावा: काय न्यायचं नाही, काय जवळ ठेवायचं. तेच एक पान, चित्रांसकट, गोंदिया स्टेशनवर, एसटी स्टँडवर, ग्रामपंचायतीत आणि सेवा केंद्रात लागावं. लहान विमानतळावर काढून ठेवलेली वस्तू चिठ्ठी लावून ठेवण्याची सोय असावी, म्हणजे सोडायला आलेला नातेवाईक ती घरी परत नेऊ शकेल. सिकलसेलच्या रुग्णांना कार्ड देताना आरोग्य विभागानं प्रवासाच्या चार ओळी त्यावर छापाव्यात. याला निधी लागत नाही, कोणीतरी मनावर घ्यावं लागतं.

आमदार-खासदार विमान सुरू झालं की फित कापायला येतात, फोटो निघतात, आम्ही पत्रकारच ते छापतो. पुढच्या वेळी फोटोसोबत हे पान कुठे आहे, तेही विचारू. तोवर तुमच्या घरातून कोणी विमानानं निघत असेल, तर आदल्या रात्री त्यांची पूजेची पिशवी एकदा उघडून पाहा. नारळ, कापूर, काडेपेटी काढून देवघरात ठेवा. आणि औषधांची पिशवी आजीच्या हातात द्या.