सुतकाचे सिनेमे घरी बघू नका

गेल्या आठवड्याच्या लेखावर जी पत्रं आली त्यांत एकच सूर पुन्हा पुन्हा होता. गंभीर सिनेमा आवडतो, पण तो घरी निवांत बघायचा. थिएटरमध्ये जायचं ते मोठा सिनेमा बघायला. मोठा म्हणजे घोडे, तलवारी, स्फोट. सिनेमाशी काही देणंघेणं नसलेल्यांनी हे लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण ही पत्रं नेमाने सिनेमे बघणाऱ्यांची आहेत, फिल्म क्लबची वर्गणी भरणाऱ्यांची आहेत, म्हणून राग आला. ज्या सिनेमाचा प्रेक्षकच ‘आम्ही घरी बघू’ म्हणतो, त्याला सकाळचा एखादा खेळ देऊन पुढच्या शुक्रवारी उतरवायला थिएटरवाल्यांना काय अडचण असणार?

माझं मत नेमकं उलट आहे. लढाई लहान पडद्यावरही कळते. कोण जिंकलं, कोण पडलं, ते दिसतं. गप्प बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर काय सरकून गेलं, ते मात्र लहान पडद्यावर निसटतं. हे मी दोन सिनेमांवरून सांगतो, सुमित्रा भावे यांचा ‘दिठी’ आणि रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. दोन्ही खेड्यात घडतात, दोन्हींच्या घरात मृत्यू झालेला आहे आणि दोन्हींत मागे राहिलेल्या एका पुरुषाला रडता येत नाही. एक मी घरी बघितला, दुसरा थिएटरमध्ये.

‘दिठी’ दि. बा. मोकाशींच्या कथेवर आहे. वर्षानुवर्षं वारी करणारा रामजी लोहार, त्याचा तरणा मुलगा पाण्यात वाहून गेलेला, सून बाळंत झालेली, झाली ती मुलगी. मुलगा परत येईल अशी आशा धरून बसलेल्या रामजीला नातीचं तोंडही बघवत नाही. भावे १९ एप्रिल २०२१ ला गेल्या आणि पुढच्याच महिन्यात हा त्यांचा शेवटचा सिनेमा सोनी लिव्हवर आला. थिएटरं तेव्हा करोनामुळे बंद होती, त्याबद्दल कुणाला दोष देता येणार नाही.

तो मी घरीच बघत होतो. पडद्यावर पाऊस थांबायचं नाव घेत नाही. गावातल्या शिवरामची गाय अडलेली आहे आणि तिला सोडवायची कला आहे ती रामजीच्या हातात. किशोर कदम यांचा रामजी गोठ्यात येतो, हात घालून आतलं वासरू चाचपतो. मुलाचा हात सुटला तो सुटलाच. या जिवाला मात्र हे हात बाहेर आणणार आहेत. आणि नेमक्या याच ठिकाणी माझ्या दाराची बेल वाजली. मी सिनेमा थांबवला, कुरिअरवाल्याला सही दिली, आलोच आहे उठून म्हणून चहाला आधण ठेवलं आणि परत येऊन बसलो. वासरू जन्मलं, पण मला काही झालं नाही. रामजीची घालमेल भावेंनी पाऊण-एक तास चढवत आणली होती, ती मी एका बटणाने उतरवून टाकली. सिनेमात उणं काही नव्हतं. थांबवायची सोय माझ्या हाती होती, तिने घात केला.

‘साबर बोंडं’ मी सप्टेंबर २०२५ मध्ये थिएटरात बघितला. त्याच वर्षी जानेवारीत सनडान्सला जागतिक कथापट विभागात ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक त्याने मिळवलं होतं. तिथे पोहोचलेला तो पहिला मराठी कथापट. मुंबईत कॉल सेंटरमध्ये नोकरी करणारा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. नातेवाईक लग्नाचा विषय काढतात. त्याला पुरुषाबद्दल ओढ आहे हे आईला ठाऊक आहे आणि ती ज्या साधेपणाने त्याच्या बाजूने उभी राहते तशी आई मी मराठी पडद्यावर फार बघितलेली नाही. बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो, शेळ्या राखणारा. तो आनंदसाठी काटेरी निवडुंगाची लाल फळं, म्हणजे साबर बोंडं, आणतो.

कॅमेरा बराच वेळ एका जागी थांबतो. पार्श्वसंगीत नाही. या सदराच्या वाचकांना माझं हे जुनं दुखणं माहीत आहे: मराठी सिनेमात कुणी गेलं की मढं उचलायच्या आत व्हायोलिन सुरू होतं. प्रेक्षकाला रडायला सांगावं लागतं असं ज्या दिग्दर्शकाला वाटतं, त्याचा आपल्या नटांवर विश्वास नाही, असं मी मानतो आणि मानत राहणार. कानवडेंचा विश्वास आहे. लग्नाची बोलणी चालू असताना आनंद खाली मान घालून बसलेला आहे, आणि थिएटरमध्ये कुणी हलत नव्हतं. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला हळूच म्हटलं, “सुतकातसुद्धा सोडत नाहीत बघ.” मला हे वाक्य कुठल्याही परीक्षणापेक्षा मोलाचं वाटतं. आनंद आणि बाळ्याची गोष्ट बघायला कदाचित त्या आल्याही नसतील. सुतकाचं घर बघून त्या आत शिरल्या आणि मग त्या दोघांचं प्रेमही त्यांनी बिनतक्रार आपलं मानलं. अंधारात अनोळखी माणसांबरोबर बसलं की असं होतं. घरी त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत दुसरं काहीतरी लावलं असतं.

आता या सिनेमांच्या प्रेक्षकाकडे येतो, पुण्याच्या स्वारगेटला. सातारा, सांगली, कोल्हापूरकडून येणारी एसटी इथे माणसं उतरवते. पुण्यात नोकरी करणारा, चुलत्याच्या दहाव्याला गावी जाऊन रात्रीच्या गाडीने परतणारा माणूस याच स्टँडवर उतरतो आणि पीएमपी नाहीतर मेट्रो पकडतो. ‘दिठी’ आणि ‘साबर बोंडं’ त्याच्या घरचे सिनेमे आहेत. ते त्याला कुठे बघायला मिळतात? इथून चालत जाण्याच्या अंतरावर महापालिकेचा गणेश कला क्रीडा मंच आहे. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं उद्घाटन या मंचावर झालेलं आहे. दिवे, पाहुणे, सत्कार, सगळं. सिनेमे बघायला मात्र प्रतिनिधींनी शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं, तेही कामाच्या दिवशी दुपारी.

सरकारी आदेशाने हे सुटत नाही. एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना मराठीसाठी प्राइम टाइमचा खेळ राखायला सांगितलं गेलं, चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ लागला त्याच महिन्यात. पण असा राखीव खेळ भाषेला मिळतो. मराठीतल्या मराठीत तो जोरात जाहिरात करणारा घेऊन जातो आणि छोटा सिनेमा आहे तिथेच राहतो.

महापालिकेकडे माझी मागणी साधी आहे. शहरात तुमची इतकी नाट्यगृहं आणि सभागृहं आहेत. महिन्यातून एक ठरलेली संध्याकाळ, साडेसातची वेळ, शंभराच्या आतलं तिकीट, चांगला प्रोजेक्टर आणि चांगला ध्वनी. सुरुवात स्वारगेटपासून करा आणि पहिला सिनेमा ‘दिठी’ लावा. ज्या बाईने याच शहरात राहून ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘अस्तु’ आणि सुवर्णकमळ मिळवणारा ‘कासव’ केला, तिचा शेवटचा सिनेमा पुणेकरांना ठरल्या वेळी, ठरल्या जागी, मोठ्या पडद्यावर बघायला मिळू नये ही या शहराची नामुष्की आहे.

आणि पत्रं लिहिणाऱ्यांना विनंती. पुढचा असा सिनेमा लागेल तेव्हा शनिवार-रविवारची वाट बघू नका, पहिल्या शुक्रवारीच तिकीट काढा. सोमवारी त्याचे खेळ किती ठेवायचे, ते त्या तिकिटांवर ठरतं.