पातळी नको, पाणी मोजा

माननीय कार्यकारी अभियंता, कालवा विभाग,

पुन्हा तेच उत्तर आले: 'वितरिकेच्या मोजपट्टीवर पूर्ण पातळी आढळते, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' साहेब, पातळी आम्हालाही दिसते. टेलला पाणी येत नाही, ही आमची तक्रार आहे. पातळी आणि विसर्ग यांतला फरक अभियंत्याला ठाऊक नसेल, हे आम्हाला पटत नाही.

एकदा वितरिकेत उतरा. पाणगवताचे दांडे प्रवाहाच्या दिशेने आडवे पडलेले दिसतील. वरचे वीतभर पाणी पळते, खालचे त्या गुंत्यात जवळजवळ थांबलेले असते. मूठभर उपटून पाहा: पानापानावर गाळाचा राखी लेप, मुळाशी काळा चिखल. वेग मंदावला की गाळ बसतो, त्या गाळात हे पाणगवत, म्हणजे हायड्रिला, आणखी फोफावते आणि वेग आणखी घटतो. दरवर्षी तळ वर येत चालला आहे.

आता हिशोब करा. मातीच्या स्वच्छ चारीला मॅनिंगचा गुणांक, म्हणजे प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचे माप, साधारण ०.०२५ धरतात. तण माजले की तो ०.०५० वर जातो. पाण्याच्या उंचीइतके दाट तण असेल तर पाठ्यपुस्तकात ०.०८० आहे, कमाल ०.१२०. उतार आणि खोली तीच धरली तर ०.०५० ला विसर्ग निम्मा होतो, ०.०८० ला एक तृतीयांशाहूनही कमी. त्यात मीटरभर खोलीत २० सेंटीमीटर गाळ साचला, तर रुंद चारीची वहनक्षमता तेवढ्यानेच सुमारे ३१ टक्के घटते. निम्मा विसर्ग आणि हा गाळ एकत्र धरा: १०० क्युसेकच्या वितरिकेतून जेमतेम ३४ क्युसेक वाहतात.

तरीही मोजपट्टी भरलेली दिसते, कारण तण पाणी अडवते आणि पातळी फुगते. तुमचा कर्मचारी ती फुगलेली पातळी वाचतो आणि स्वच्छ चारीसाठी केलेल्या तक्त्यावरून क्युसेक लिहितो. जितके तण जास्त, तितके वहीत पाणी जास्त! शिवाय पातळी चढल्याने वरची दारे हक्कापेक्षा जास्त ओढतात. तुमच्या नोंदीत आवर्तन पूर्ण होते आणि आमचा हरभरा करपतो.

उन्हाळ्यात कालवा आटला की तण आपोआप मरेल, असेही आम्हाला सांगितले गेले. पण हायड्रिलाचे कंद गाळात काही वर्षे तग धरतात. नुसते कापून पाण्यात सोडले, तर तुकडे खालच्या दारांत अडकतात आणि तिथेच रुजतात.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. रब्बीच्या पहिल्या आवर्तनाआधी तण गाळासकट काढून काठापासून दूर टाका. मुखाशी आणि टेलला, लाभधारकांसमोर, करंट मीटरने विसर्ग मोजा. त्या मोजणीवर तक्ता नव्याने करा. तोवर मोजपट्टीचा दाखला देऊन आमची एकही तक्रार निकाली काढू नका. तसे कराल, तर आमचे पाणी तुम्ही जाणूनबुजून बुडवता आहात, असेच आम्ही म्हणू.

वितरिकेच्या टेलचा एक लाभधारक शेतकरी