कलम घ्यायचं तर थंडीत जा!

मंडळी, आमच्या मोर्शी-वरुडकडे मुलीसाठी स्थळ पाहायचं म्हटलं की माणसं घराण्याची पार आजोळापर्यंत चौकशी करतात. तीच माणसं संत्र्याचं कलम घ्यायला गेली की एकच प्रश्न विचारतात, "कसं देलं?"

मृगाचा पाऊस पडला की गाडी घेऊन नर्सरीत जायचं, घासाघीस करून दोन-पाच रुपये तोडायचे आणि कलमं भरून आणायची. याला मी खरेदी म्हणत नाही, जुगार म्हणतो. पावसाळ्यात सगळीच कलमं हिरवीगार दिसतात हो! नर्सरीची खरी परीक्षा डिसेंबर-जानेवारीत असते, आणि तेव्हा आपल्यापैकी कुणीही तिकडे फिरकत नाही.

थंडीत तिथं काय चालतं? जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की त्याच्या सालीला चीर देऊन आत संत्र्याचा डोळा बसवतात आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी बांधतात. पुढे डोळा फुटला की पट्टी सोडायची, खुंटाचा शेंडा छाटायचा, खालून येणारे जंबेरीचे फुटवे खुडत राहायचे. उन्हाळ्यापर्यंत हीच कामं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या बागेचं नशीब या दोन-तीन महिन्यांत ठरतं.

म्हणून तेव्हा जाऊन तीन गोष्टी पाहा. पहिली, डोळा कोणत्या झाडाचा? थंडीत मृग बहाराची फळं झाडावर असतात, तेव्हा मातृवृक्ष डोळ्यांनी पाहता येतो. दुसरी, डोळा किती उंचीवर बांधलाय? जमिनीपासून नऊ इंच तरी हवा. खुंटापेक्षा संत्र्याची साल नाजूक. सांधा मातीला टेकला, ओल लागली की फायटोफ्थोरा बुरशी शिरते आणि खोडातून डिंक गळू लागतो. आपण त्यालाच डिंक्या म्हणतो. तिसरी, जमीन कोणती? त्याच काळ्या, पाणी धरणाऱ्या वावरात वर्षानुवर्षं नर्सरी लावली तर ही बुरशी कलमाच्या मुळांबरोबर आपल्या शेतात फुकट येते.

एका नर्सरीवाल्याला मी हे ऐकवलं, तर तो म्हणाला, "गुर्जी, गिऱ्हाईकच इचारत नाही, तं म्या कायले सांगू?" त्याचं काय चुकलं? खाली वाकून बांधण्याचे कष्ट, चाकू दर वेळी निर्जंतुक करण्याचा खटाटोप, दरवर्षी जागा बदलण्याचा खर्च हे सगळं त्यानं करायचं, आणि भाव मात्र शेजारच्या स्वस्त कलमाचा घ्यायचा! असा धंदा कोण करील?

जरा हिशेब करू. सहा बाय सहा मीटरवर लागवड केली तर एकरी साधारण ११० झाडं बसतात. कलमामागे १० रुपये वाचवले तर एकरी ११०० रुपये वाचले. फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात. तोवर खत, पाणी, मजुरी सगळं ओतायचं, आणि मग कळायचं की झाड रोगट आहे किंवा फळच हलकं आहे. ११०० रुपयांसाठी पाच वर्षं घालवली.

ज्ञान कमी आहे असंही नाही. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांना परवाना लावणारा कायदा १९६९चा. अकोल्याचं कृषी विद्यापीठही त्याच वर्षीचं. नागपूरची लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था १९८५पासून आहे आणि रोगमुक्त कलमं तयार करते. १९९०मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, तेव्हा किती झाडं लावली याचे आकडे सगळ्यांनी मोजले. कुठली लावली, हे विचारायची सवय मात्र आपल्याला लागली नाही.

तेव्हा पुण्या-मुंबईच्या पुतण्यांनो, भाच्यांनो, गावच्या शेतात संत्रा लावायचा विचार असेल तर जुलैची वाट पाहू नका. संक्रांतीच्या सुट्टीत या. नर्सरी पाहा, मागणी तेव्हाच नोंदवा, थोडे पैसे आगाऊ द्या म्हणजे त्यालाही आधार होईल. भाव चार रुपये जास्त पडला तरी द्या. पण बिलावर खुंट कोणता, मातृवृक्ष कुठला आणि डोळा कधी बांधला हे लिहून घ्या. जो लिहून देणार नाही, त्याचं कलम फुकटही आणू नका.