नाझनीनचं शिलाई मशीन

मोनिका अली यांची ‘ब्रिक लेन’ (२००३) ही इंग्रजी कादंबरी आमच्या वाचनगटाने चर्चेला घेतली आणि सगळं बोलणं प्रेमप्रकरणाभोवतीच फिरत राहिलं. लग्न होऊन बांगलादेशातल्या खेड्यातून लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समध्ये आलेली नाझनीन, वयाने बराच मोठा नवरा चानू आणि पुढे तिच्या आयुष्यात आलेला तरुण करीम. ‘करीममुळे ती मुक्त झाली,’ असं एकीचं मत. दुसरीला ती स्वैर वाटली. तिसरीला बडबड्या, हरलेल्या चानूचीच दया आली.

मला मात्र वाटतं, या सगळ्यात आपण घरातलं शिलाई मशीन विसरतो. करीम पहिल्यांदा दारात येतो तो शिवायचे कपडे आणून देणारा मध्यस्थ म्हणून. मजुरी नगावर. ती कमीच, पण स्वतःच्या कष्टाची.

धाकटी बहीण हसीना तिकडे ढाक्यात. प्रेमविवाहातल्या मारहाणीतून पळालेली, कपड्यांच्या कारखान्यात लागलेली. बदनामी होताच तिची नोकरी जाते. अभ्यासक नैला कबीर यांनी ‘द पॉवर टू चूझ’ (२०००) या पुस्तकात हेच कोडं मांडलं आहे: पडदा पाळणाऱ्या ढाक्यातल्या बाया कारखान्यात गेल्या, तर लंडनमधल्या घरातच शिवत बसल्या. म्हणजे नुसता देश बदलून बाई सुटत नाही. समाजाची नजर, बाहेरचा वंशद्वेष, कामाच्या अटी, सगळंच पाहावं लागतं.

‘पण यात त्यांच्या समाजाची बदनामी नाही का?’ असंही कुणी विचारलं. ब्रिटनमधले बहुसंख्य बांगलादेशी मूळचे सिल्हेटचे, आणि चानू त्यांना अडाणी समजतो. २००६ मध्ये ब्रिक लेनच्या काही व्यापाऱ्यांनी या कादंबरीवरच्या चित्रपटाला विरोध केला. ते दुखणं मी खोटं म्हणणार नाही. पण समाजाची अब्रू राखायला बाईने घरातलं बोलू नये, हा न्याय आपल्याही ओळखीचा आहे.

शेवटी नाझनीन चानूबरोबर परत जात नाही, करीमशी लग्नही करत नाही. मैत्रीण रझिया आणि इतर बायकांसोबत ती शिवणकाम करते. मला तिची मुक्ती इथे दिसते.

सोलापुरात घरी विड्या वळणाऱ्या बायांना आजही ‘घरीच तर असते’ म्हटलं जातं. मैत्रिणींनो, कादंबरी वाचताना आपणही तेच म्हणतो का?