आधी वीर्यतपासणी, मग दुर्बीण

वर्षभर प्रयत्न करूनही मूल न राहणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचे कारण सापडते, कधी एकटे, कधी स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने. तरीही सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, दुर्बीण हे सारे बायकोचे उरकल्यावर नवऱ्याची पाळी येते. वास्तविक वीर्यतपासणीइतकी स्वस्त आणि बिनसुईची दुसरी तपासणी नाही. दोन ते सात दिवस संबंध टाळावेत आणि घरी घेतलेला नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोचवावा, एवढीच पथ्ये. पुण्याच्या नारायण पेठेत, केळकर रस्ता आणि लक्ष्मी रस्ता पायाखाली असताना, तासाची अट कोणाला जड जाऊ नये. जड जाते ते जिन्यात ओळखीचे कोणी भेटेल ही धास्ती.

पहिला आक्षेप असा की संबंध सुरळीत आहेत, तेव्हा पुरुषात खोट कशी असेल? वीर्याचा बहुतांश भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव असतो, शुक्राणूंचा वाटा नगण्य. त्यामुळे एकही शुक्राणू नसलेले वीर्य डोळ्यांना नेहमीसारखेच दिसते. उलट, पौरुष वाढावे म्हणून जिममध्ये टोचून घेतलेले टेस्टोस्टेरॉन पियुषिका ग्रंथीचे संदेश दाबते आणि शुक्राणूंची निर्मितीच थांबवू शकते. दोष बाईचाच, ही समजूत परंपरेच्या नावावर खपवण्यातही अर्थ नाही. चरकसंहितेने शुक्राचे आठ दोष सांगितले आहेत.

दुसरा पक्ष रिपोर्टाला निकालपत्र मानतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या नियमावलीत दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, ४२ टक्के हालचाल आणि ४ टक्के सुघड आकार या खालच्या मर्यादा दिल्या आहेत. पण त्या आल्या कुठून? ज्यांच्या जोडीदाराला वर्षाच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांतल्या सर्वांत खालच्या ५ टक्क्यांच्या सीमेवरून. म्हणजे या आकड्यांखाली असलेले काहीजण बाप झालेले होते, आणि वर असणाऱ्यालाही हमी नाही. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला साधारण तीन महिने लागतात. गेल्या महिन्यातल्या तापाची सावली आजच्या रिपोर्टावर पडते ती यामुळे. पहिला रिपोर्ट बिघडलेला आला तर तपासणी पुन्हा करायची, आणि मग डॉक्टरांचा हात लागायचा.

हा हात महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच टाळला जातो. वृषणाभोवतीच्या शिरा फुगलेल्या (व्हेरिकोसील) असतील तर उभे राहून तपासताना हाताला लागतात, बहुधा डाव्या बाजूला. शुक्रवाहिनी जन्मतः नसेल तर तेही बोटांना कळते. लहानपणी न उतरलेले वृषण, वयात आल्यावर झालेले गालगुंड, क्षयरोग, हर्नियाची शस्त्रक्रिया हे सारे विचारूनच कळते. शुक्राणू मुळीच नसतील तर प्रश्न उरतो : वाट बंद, की कारखाना बंद? वृषण लहान आणि एफएसएच हे पियुषिकेचे संप्रेरक वाढलेले असेल तर बिघाड बहुधा निर्मितीत असतो; वृषण नीट भरलेले आणि एफएसएच प्रमाणात असेल तर अडथळ्याचा संशय येतो. बऱ्याच पुरुषांत एवढे करूनही कारण हाती लागत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९८६ साली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. १९९२ साली ब्रुसेल्समधून इक्सी आली, आणि बीजांडात सोडायला एक शुक्राणू पुरेसा झाला. मग कारण कशाला शोधायचे? एक तर, दोष नवऱ्याचा असतानाही इंजेक्शने आणि बीजांडे काढण्याची शस्त्रक्रिया बायकोच्याच वाट्याला येते. पियुषिकेचे संप्रेरक कमी असेल तर ते देऊन निर्मिती सुरू होऊ शकते. इक्सीची गरजच कदाचित उरत नाही. वाय गुणसूत्रातला एझेडएफसी हा तुकडा गळाला असेल तर तो दोष मुलग्याकडे जातो. एझेडएफए पूर्ण गळालेला असेल, तर वृषणातून शुक्राणू शोधण्याची शस्त्रक्रियाही व्यर्थ. म्हणून ही जनुकीय तपासणी शस्त्रक्रियेच्या आधी हवी. आक्षेपातला एक मुद्दा मात्र खरा : पस्तिशीपुढच्या बायकोला थांबायला वेळ नसतो. तिथे दोघांची तपासणी एकाच आठवड्यात सुरू करावी.