पन्नाशीतली पेटी



या सदरात आपण नेहमी बी-बियाणे, खत-पाणी यांविषयी बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. मागे एका गावी सभा आटोपल्यावर देवळात बसलो होतो. पन्नाशीचे एक शेतकरी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, आमचे पेटीवाले बुवा गेले, तेव्हापासून भजनाला पेटी नाही. मला शिकावीशी वाटते. पण या वयात जमेल का? लोक हसतील."

हा प्रश्न पुष्कळ गावांत आहे. पेटी नसली की सूर धरून ठेवणारे कोणी राहत नाही. कोणी वर चढतो, कोणी खाली उतरतो. मग पोरे येईनाशी होतात आणि मंडळ मोडते. म्हणून उत्तर सर्वांसाठीच देतो : जमेल. मी स्वतः बावन्नाव्या वर्षी पेटीला हात लावला.

पहिली चूक माझीच सांगतो. रविवारी तीन तास बसायचो आणि एकदम अभंगच वाजवू बघायचो. बोटे दुखली, सूर काही लागला नाही. दोन महिने पेटी बंद ठेवली. शेवटी गुरुजी म्हणाले, "आठवड्याचे पाणी रोपाला एकाच दिवशी देता काय?" तेव्हापासून रोज वीस मिनिटे बसतो. त्यानेच गाडी रुळावर आली.

दुसरी अडचण हाताची. नांगर-कुदळीने राठ झालेली बोटे पट्टीवर जोराने पडतात. पियानोत पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर आपटते. तिथे बोटाच्या जोरावर आवाज लहान-मोठा होतो. पेटीत तसे नाही. डाव्या हाताने भात्यात हवा भरायची आणि ती हवा पितळी पत्तीतून जाताना सूर निघतो. जोर भात्याचा, बोटाने फक्त वाट मोकळी करायची. म्हणून बोट हलके ठेवा आणि भाता एकसारखा चालवा, हिसके देऊ नका.

सुरुवात पांढरी एक धरून करा. अंगठा सा वर, तर्जनी रे वर, मधले बोट ग वर. मग अंगठा बोटांखालून सरकवून म वर आणा. पुढे प, ध, नी ओळीने वाजवून वरचा सा करंगळीने घ्या. उतरताना हाच क्रम उलटा. हे महिनाभर, अगदी सावकाश. प्रत्येक सूर तोंडाने म्हणत वाजवा. त्यानंतर सारेग, रेगम, गमप असे पलटे घ्या. मग भूप राग घ्या. त्यात सा, रे, ग, प, ध हे पाचच सूर, त्यामुळे नवख्याला सोपा जातो. मंडळात वाजवताना मात्र गाणाऱ्याची पट्टी बघावी लागते. पुरुषांचा आवाज बहुधा काळी एक-दोनला बसतो, बायकांचा काळी चार-पाचला. ती बोटे नंतर शिका.

मोबाईलवर शिकवण्या पुष्कळ आहेत, पण आपले चुकलेले बोट त्यांना दिसत नाही. आठवड्यातून एकदा तरी जाणत्यासमोर बसा.

मोठ्या माणसाची एक बाजू भक्कम असते, ती विसरू नका. हरिपाठ आणि अभंगांच्या चाली लहानपणापासून तुमच्या कानात आहेत. टाळ धरून ठेका अंगात मुरलेला आहे. निम्मे शिक्षण झालेलेच आहे. शिकायची आहेत ती फक्त बोटे. मुलाची बोटे लवकर वळतात, पण चाली त्याला नव्याने शिकाव्या लागतात.

आपल्या देवळातली ही पेटीसुद्धा मूळची इथली नव्हे. पॅरिसच्या दबँ नावाच्या कारागिराने १८४०च्या सुमारास हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पायाने भाता हलवायची होती. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता चालवायची पेटी घडवली, म्हणून मांडी घालून वाजवता आली. परक्या घरची पेटी आपल्या भजनाला शिकली, मग आपल्याला शिकायला लाज कसली?

बंद पेटी उघडताना आधी भाता बघा. उंदीर तो कुरतडतात. एखादा सूर मुका झाला असेल तर तेल घालू नका, पत्ती खरवडू नका. खरवडल्याने सूर कायमचा बदलतो. कारागिराकडे न्या. पावसाळ्यात पेटी ओलीच्या भिंतीपासून दूर, कापडात गुंडाळून ठेवा.

मला पहिला अभंग मंडळात वाजवायला वर्ष लागले. दोनदा चुकलो. टाळकऱ्यांनी टाळ थांबवला नाही, म्हणून मलाही थांबता आले नाही. हसले कोणीच नाही. तेव्हा त्या शेतकरी दादांना माझे एवढेच सांगणे, कपाटाची किल्ली आजच मागून घ्या.