घर-अंगण : भाड्याच्या भिंतीला गडद हिरवा

मंडळी, सौदीतल्या आपल्या बहुतेक घरांच्या भिंती कशा असतात? पांढऱ्या, नाहीतर सायीच्या रंगाच्या. घरमालकाने दिल्या तशाच. "इकामा आहे तोवर मुक्काम, भिंती कुणासाठी रंगवायच्या?" हे आपल्या सर्वांच्याच तोंडी बसलेलं वाक्य. पण दोन वर्षांचा मुक्काम बघता बघता पंधरा वर्षांचा होतो. मुलं त्याच भिंतींना टेकून पाढे म्हणतात, दहावीला जातात, आणि आपली सगळी हौस तिकडे कुलूपबंद फ्लॅटसाठी राखून ठेवलेली! म्हणून या अंकात आम्ही गडद हिरवा रंग सुचवतो आहोत. फक्त एका भिंतीला.

वाळवंटात हिरवा कुठून आला, असं वाटेल. पण याच देशाच्या नैर्ऋत्येला, अबहाच्या डोंगराळ असीर भागात, घराच्या आतल्या भिंती रंगवण्याची जुनी परंपरा आहे. तिचं नाव अल-कत्त अल-असीरी. पांढऱ्या जिप्समवर भौमितिक नक्षी, तीही मुख्यतः पाहुण्यांच्या खोलीत. काम सगळं बायकांचं. घरची बाई नात्यातल्या लहानथोर बायकांना मदतीला बोलावते आणि मुली बघत बघत शिकतात. आपल्या वारली सुवासिनी लग्नाचा चौक लिहितात, त्याचीच आठवण व्हावी. जुन्या असीरी घरांत हिरव्या रंगासाठी लसूणघासाचा ओला पाला भिंतीवर घासत. २०१७ साली युनेस्कोने या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. अबहाला गेलात तर रिजाल अल्माचं संग्रहालय जरूर पाहा.

आता कामाचं बोलू. गडद रंग उजेड पितो, आणि उन्हापायी आपले पडदे दिवसभर ओढलेले. म्हणून चारी भिंती हिरव्या करू नका. खिडकीसमोरची भिंत निवडा. खिडकीच्याच भिंतीला दिला तर रंग काळपट दिसतो. छत पांढरंच ठेवा. नमुना आधी हातभर कागदावर रंगवून भिंतीला चिकटवा आणि दिवसा व रात्री, दोन्ही वेळा बघा. ट्यूबलाइटच्या पांढऱ्या प्रकाशात आणि पिवळसर दिव्यात हिरवा रंग वेगवेगळा दिसतो. गडद भिंतीवर धूळ लगेच दिसते, तेव्हा धुता येणारा, कमी चकाकीचा रंग घ्या. एसीखाली ओल असेल तर आधी ती दुरुस्त करा.

या भिंतीपुढे पितळी समई ठेवून बघा, किंवा जुन्या पैठणीचा काठ फ्रेम करून लावा. हिरव्यावर पितळ आणि कुंकवाचा लाल फार शोभतो.

घरमालकाची परवानगी मात्र लेखी घ्या. घर सोडताना गडद रंग झाकायला प्रायमर आणि वर पांढऱ्याचे दोन हात लागतील; तो खर्च आधीच धरा. परवानगी नाहीच मिळाली, तर प्लायवूडचा मोठा फळा रंगवून भिंतीला टेकवा. जाताना सोबत नेता येईल.

आणि हो, असीरच्या बायकांसारखं शेजारणींना बोलवा, मुलांच्या हाती ब्रश द्या. चार ओघळ येतील, येऊ देत. मोठेपणी ती "आमचं घर" म्हणतील, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे येणारी भिंत बहुधा इथलीच असेल.